डब्यातून डबीत

पडलेल्या सिनेमाला आपल्याकडे 'डब्यात गेला' म्हणतात. हा वाक्प्रचार ज्याने कुणी रूढ केला त्याला सिनेमाचा धंदा आतून ठाऊक असणार, कारण होतं खरोखर तसंच. रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत जातात, डबे गोदामात जातात, गोदामाचं भाडं थकतं, आणि ॲसिटेटची फिल्म दमट हवेत सडायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. बहुतेक सिनेमांची गोष्ट तिथेच संपते. काही मोजके मात्र तीस-चाळीस वर्षांनी प्लास्टिकच्या चपट्या डबीत बसून परत येतात. मधल्या काळात त्यांना कुणी सांभाळलं, कुणाच्या भाषेतली सबटायटल्स लावून ते परतले आणि परतल्यावर नेमके कुणाच्या घरी पोचले, हे प्रश्न मला बरेच दिवस सोडत नाहीयेत. निमित्त जपानी सिनेमाचं झालं, पण अडकलो मी एका मराठी सिनेमाशी.

गेल्या वीसेक वर्षांत १९६० आणि ७०च्या दशकांतला जपानमधला स्वतंत्र, बंडखोर सिनेमा असा डबीतून जगभर पसरला. तोशिओ मात्सुमोतोचा 'फ्यूनरल परेड ऑफ रोझेस' (१९६९) ब्रिटनमध्ये 'मास्टर्स ऑफ सिनेमा'ने २००६ साली डीव्हीडीवर आणला. २०१० साली अमेरिकेत क्रायटेरियनच्या 'एक्लिप्स' मालिकेत नागिसा ओशिमाच्या साठच्या दशकातल्या पाच चित्रपटांचा संच आला. २०१५ साली 'ॲरो'ने योशिशिगे योशिदाचे तीन चित्रपट एका पेटीत घातले. तोवर ही नावं माझ्यासारख्याला सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांतून आणि फिल्म सोसायटीवाल्यांच्या बढायांतून माहीत. पुण्या-मुंबईतल्या कुणीतरी कुठल्यातरी महोत्सवात एकदा पाहिलेलं असायचं, आणि त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही नसायचं. डीव्हीडीने, आणि तिच्या मागोमाग हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरणाऱ्या फायलींनी, ही बढाई मोडीत काढली हे तिचं पहिलं पुण्य.

मी राहतो त्या कन्हानमध्ये जपान या शब्दाचा अर्थ मात्र पार वेगळा आहे. नदीवरचा पूल ओलांडून कामठीत गेलं की ड्रॅगन पॅलेस लागतं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीतून १९९९ साली उभं राहिलेलं हे विहार. आतली बुद्धमूर्ती चंदनाची, बाहेर हिरवळ, आणि सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन आलेली कुटुंबं. नागपुरात भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई आहेत. जपानात जन्मले, साठच्या दशकात इकडे आले आणि इथलेच झाले. दीक्षाभूमीवरच्या गर्दीला ते जपानी आहेत याची आठवण करून द्यावी लागते. थोडक्यात, आमच्याकडचा जपान शांत, स्वच्छ आणि हात जोडलेला. अशा माणसासमोर मात्सुमोतोचा सिनेमा येतो तेव्हा काय होत असेल याची कल्पना करा. शिंजुकूचे गे बार, बापाचा आणि मुलाचा इडिपसची उलटी घडी घातलेला संबंध, आणि ऐन रंगात आलेला प्रसंग थांबवून दिग्दर्शक नटाला विचारतो की तुला ही भूमिका कशी वाटतेय.

या सिनेमाच्या मागे एक संस्था होती, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आर्ट थिएटर गिल्ड, म्हणजे एटीजी, १९६१ साली स्थापन झाली. सुरुवातीला तिचं काम परदेशी, 'न चालणारे' सिनेमे आणून दाखवण्याचं. १९६२ साली एका पोलिश चित्रपटाने तिने आरंभ केला, आणि १९६६ साली आपला 'पथेर पांचाली'ही जपानी प्रेक्षकांना तिनेच दाखवला. पुढे तिने निर्मितीत हात घातला. पद्धत साधी होती. चित्रपटाचा खर्च एक कोटी येनच्या आसपास, निम्मे पैसे गिल्डचे, निम्मे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या छोट्या कंपनीचे. मोठ्या स्टुडिओंच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. पण चित्रपट पूर्ण झाला की तो दाखवायला शिंजुकूतलं एक चांगलं थिएटर हक्काचं होतं. माझ्या मते सगळी मेख या थिएटरात आहे. बंडखोर तरुण प्रत्येक देशात असतात. स्वतःचं थिएटर असलेले फार थोडे.

ओशिमाने हे आधी भोगलेलं होतं. १९६० साली त्याचा 'नाइट अँड फॉग इन जपान' हा चित्रपट शोचिकू या त्याच्याच स्टुडिओने प्रदर्शनानंतर काही दिवसांत थिएटरांतून काढून घेतला. समाजवादी नेते असानुमा यांचा भर सभेत खून झाला होता आणि राजकीय सिनेमा दाखवणं कुणालाच झेपणारं नव्हतं. ओशिमा स्टुडिओ सोडून बाहेर पडला. आठ वर्षांनी एटीजीच्या साथीने त्याने 'डेथ बाय हँगिंग' (१९६८) केला.

इथे एक आडवळण घेतो. शुजी तेरायामाचा 'थ्रो अवे युअर बुक्स, रॅली इन द स्ट्रीट्स' (१९७१) सुरू होतो तो एका तरुणाच्या बोलण्याने. तो पडद्यावरून थेट आपल्याकडे बघतो आणि थिएटरातल्या अंधारात असं गुपचूप बसून काय मिळणार आहे, असं हिणवतो. हे बोलणं भरलेल्या हॉलमधल्या प्रेक्षकांसाठी लिहिलेलं आहे. बाजूला अनोळखी माणूस आहे, त्याचा हात आपल्या हाताला लागू शकतो, हे त्यात गृहीत आहे. मी तो पाहिला रात्री अकरा वाजता, हेडफोन लावून, दारामागे घरचे झोपलेले. तरुण मला चिथावत होता आणि मी पॉज करून पाणी प्यायला उठलो. चिथावणी थांबली, परत आल्यावर जिथे होती तिथून सुरू झाली. घरच्या पडद्यावर बंडखोर सिनेमाचा असा पाळीव प्राणी होतो, आणि डीव्हीडीवरचे सुंदर रिस्टोरेशन, सोबतची पुस्तिका, तज्ज्ञांच्या मुलाखती यांनी तो जास्तच माणसाळतो. या सिनेमांवर लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणाच्या प्रेमात पडतात. मीही पडलो. पण त्या प्रेमात हे विसरायला होतं की यातले बरेच सिनेमे बायकांच्या देहाशी फार वाईट वागतात, आणि मुक्तीच्या नावाखाली वागतात. कोजी वाकामात्सुच्या चित्रपटांतली हिंसा पाहताना मला ती क्रांतिकारक वगैरे वाटली नाही. शिळी वाटली.

आता आपल्याकडे. मराठीतही साठ-सत्तरच्या दशकांत प्रतिसंस्कृती होती, आणि ती कुणापेक्षा कमी कडवी नव्हती. पण ती कागदावर होती. अनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर निघाली, कारण स्टेन्सिल आणि शाई परवडायची. शंभर-दोनशे प्रती निघाल्या तरी चळवळ झाली. १९७२ साली 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. कविता, संघटना, नाटक. या रांगेत सिनेमा नाही. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सायक्लोस्टाइल करता येत नाही.

नाटकाचं काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. ब्राह्मणांची बदनामी, नाना फडणविसांची बदनामी असा गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने नाटक थांबवलं. १९७३ साली त्याच कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि ते पुन्हा उभं केलं. ओशिमाची आणि या मंडळींची कथा इथपर्यंत जवळपास एकच आहे: संस्थेने हात काढले, माणसांनी संस्था काढली.

फारसं ठाऊक नसतं ते यानंतरचं. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या सोळा जणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था उभारून 'घाशीराम'चा चित्रपट केला. कर्ज काढलं ते बँकेकडून. दिग्दर्शक म्हणून चार नावं लागतात: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप. कॅमेऱ्यामागेही चार: विनोद प्रधान, राजेश जोशी, मनमोहन सिंग, वीरेंद्र सैनी. पटकथा तेंडुलकरांचीच, संगीत चंदावरकरांचं, नाना मोहन आगाशेच. घाशीरामाच्या भूमिकेत मात्र एक नवा नट, ओम पुरी. हा त्याचा पहिला चित्रपट. ज्या देशात चित्रपटाची जाहिरात नटाच्या नावाने आणि प्रतिष्ठा दिग्दर्शकाच्या नावाने होते तिथे सोळा जणांनी समान मालकीने सिनेमा करायचा, हाच एक राजकीय प्रस्ताव होता. भाषा मराठी, आणि करणारे देशभरातून आलेले. सोळापैकी किती जणांच्या घरी मराठी बोललं जात असेल हा प्रश्न मला गमतीचा वाटतो, कारण चित्रपट पाहताना भाषा ऐकण्यापेक्षा ती पाहिल्याचा भास अधिक होतो.

नाटकाचं बलस्थान म्हणजे ती माणसांची भिंत. बारा ब्राह्मण रांगेत उभे राहतात, झुलतात, गातात, आणि सोयीप्रमाणे पडदा होतात. त्यांच्या पाठीआड काय चाललंय ते त्यांना माहीत असतं आणि प्रेक्षकालाही. सिनेमात ही भिंत जशीच्या तशी उचलली असती तर नाटकाचं चित्रीकरण झालं असतं. या चौघांनी तिच्याऐवजी वेळ वापरला. लांब लांब शॉट, मध्ये न तुटणारे, ज्यांत कॅमेरा सरकत राहतो आणि माणसं त्याच्या वाटेत येतात, जातात, पुन्हा गट करतात. पस्तीस मिलिमीटरचं हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. लांब शॉट घेणारा माणूस त्या मर्यादेला डोकं आपटत असतो. हंगेरीच्या यांचोची सावली इथे स्पष्ट आहे आणि ती लपवण्याचा प्रयत्नही नाही. परिणाम असा होतो की आगाशेंचा नाना, जो रंगभूमीवर लाडिक आणि विखारी होता, पडद्यावर थंड होतो. इतिहासाचा पट रुंद होतो, इंग्रजांच्या राजकारणाची चाहूल लागते, आणि नानाची लंपट लीला ही राज्य चालवण्याची एक शाखा वाटू लागते. आणीबाणीत हे पाहणाऱ्याला कुणाची आठवण यावी हे सांगायची गरज नव्हती.

'डेथ बाय हँगिंग' आणि हा चित्रपट मी एका आठवड्यात पाहिले. योगायोगच, पण त्यानंतर ते मला वेगळे करता आलेले नाहीत. ओशिमाच्या चित्रपटात 'आर' नावाच्या कोरियन तरुणाला फाशी दिली जाते आणि तो मरत नाही. शुद्धीवर येतो तर त्याला आपण कोण ते आठवत नाही. गुन्हा आठवत नसलेल्याला फाशी देणार कशी? मग तुरुंगाचे अधिकारी, डॉक्टर, धर्मगुरू सगळे मिळून त्याचा गुन्हा त्याच्यासमोर नाटकासारखा करून दाखवतात, जेणेकरून त्याने तो आपला म्हणून स्वीकारावा. करता करता ते त्यात इतके रंगतात की गुन्हेगार कोण हे ओळखू येईनासं होतं. घाशीरामही परका आहे, कनौजचा. पुण्याने त्याच्यावर चोरीचा आळ घातला, मारलं, हाकललं. मग नानाने त्याच्या मुलीच्या बदल्यात त्याला कोतवाली दिली, म्हणजे पुण्याने ज्या गुन्ह्याचा आरोप केला होता त्याहून मोठे गुन्हे करण्याचा परवाना दिला. आणि शेवटी त्याला दगडांनी मारायला जमावाच्या हवाली केलं. दोन्हीकडे राज्यसंस्था आधी गुन्हेगार घडवते, मग त्याला शिक्षा करून स्वतः धुतल्या तांदळासारखी होते. दोन्हीकडे हे काम सण-समारंभाच्या थाटात चालतं.

फरक पडतो तो पुढे. ओशिमा 'आर'ला विचार करू देतो. अर्ध्या चित्रपटानंतर तो बोलू लागतो, आपण 'आर' आहोत हे मान्य करतो पण तुमच्या व्याख्येतला 'आर' नाही म्हणतो, आणि अधिकाऱ्यांची पंचाईत होते. परक्या माणसाला स्वतःचं डोकं आहे ही गोष्ट चित्रपटाचा कणा बनते. 'घाशीराम'मध्ये तसं होत नाही. ओम पुरीच्या चेहऱ्यावर अपमान ज्या तऱ्हेने साठत जातो ते पाहण्यासारखं आहे. त्याने नंतर हयातभर जे केलं त्याचं बीज तिथे आहे. पण चित्रपटाला घाशीराम एका मर्यादेपलीकडे नको आहे. त्याला नकाशा हवाय, सत्तेची यंत्रणा हवीय, आणि यंत्रणेतला हा दांडा एकदा फिरला की कॅमेरा पुढे सरकतो. मुलीचं तर विचारूच नका. ललितागौरी नाटकातही बोलत नव्हती. सिनेमाला क्लोजअप नावाचं हत्यार हाताशी असूनही त्याने ते तिच्यासाठी उपसलं नाही. सोळा जणांची संस्था, त्यातून आज घेतली जाणारी चार अधिक चार नावं, आठही पुरुषांची. मला यात योगायोग दिसत नाही.

आणखी एक. चार दिग्दर्शक आणि चार कॅमेरे यांची शिवण जागोजागी दिसते. मणी कौलचा म्हणून ओळखू यावा असा निश्चल प्रसंग येतो, आणि त्याच्या मागोमाग कुणा दुसऱ्याची घाई. व्याकरणाच्या दृष्टीने हा दोष आहे. मला तो आवडला. एकाच माणसाच्या दृष्टीने सगळं पाहण्याची आपल्याला इतकी सवय लागली आहे की चार माणसं एका चौकटीवरून भांडतायत हे जाणवणंच ताजं वाटतं.

तर हा चित्रपट डब्यात गेला. 'युक्त'ने सईद मिर्झाचा 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) केला आणि पुढे माणसं आपापल्या वाटेने गेली. 'घाशीराम' कुठे वाचला? बर्लिनमध्ये. तिथल्या महोत्सवात १९७१पासून 'फोरम' नावाचा विभाग आहे, आणि तो चालवणाऱ्या मंडळींची एक चांगली खोड होती: दाखवलेल्या चित्रपटांच्या सबटायटल्स लावलेल्या प्रती शक्यतो ठेवूनच घ्यायच्या. आज आर्सेनल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा संग्रह असा साठत गेला. २०११ ते २०१३ या काळात 'लिव्हिंग आर्काइव्ह' या उपक्रमात अभ्यासकांना आणि कलावंतांना त्या संग्रहात मोकळं सोडलं गेलं, तेव्हा 'घाशीराम'चा डबा पुन्हा उघडला. त्याचं डिजिटायझेशन झालं, डीव्हीडी निघाली. पुण्यावरचा, पुण्यात शिकलेल्यांनी केलेला, पुण्याने ज्यावरून रान उठवलं त्या नाटकाचा चित्रपट जर्मन डबीतून आला.

यावर 'आपल्याला आपल्या वारशाची किंमत नाही' असं रडगाणं गाण्याची प्रथा आहे. मला ते अपुरं वाटतं. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने स्वतःच्या पैशाने झालेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने काढल्या. कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) पंचवीस वर्षं व्हिडिओच्या चोरट्या प्रतींवर जगला आणि २०१४ साली थिएटरांत लागला, कारण मागे महामंडळ होतं. ज्या चित्रपटाला मालक असतो त्याला वाली सापडतो. 'घाशीराम'चे मालक सोळा होते, आणि जी गोष्ट सगळ्यांची असते तिचं भाडं भरायला कुणी जात नाही. सहकाराच्या महाराष्ट्रात हे कळायला अडचण पडू नये. एटीजीचे सिनेमे पेट्यांतून येऊ शकले कारण कागदोपत्री निम्मी मालकी एका टिकाऊ संस्थेची होती. बंडाची भाषा दोन्हीकडे सारखी असली तरी करारनाम्याची भाषा वेगळी होती.

आर्सेनलच्याच संग्रहाशी जोडलेला दुसरा धागा मला परत जपानकडे नेतो. शिन्सुके ओगावा. (आमच्या कामठीतल्या ओगावांशी याचा आडनावापुरताच संबंध, पण आमच्याकडे हे नाव उच्चारलं की लोक पुलापलीकडे हात दाखवतात.) त्याच्या 'फुरुयाशिकी गावा'वरच्या माहितीपटाला १९८४ साली बर्लिनच्या फोरममध्ये समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. पण त्याचं मोठं काम त्याआधीचं आहे. १९६६ साली जपान सरकारने टोकियोजवळच्या सानरिझुका भागात नवा विमानतळ करायचं ठरवलं, तिथल्या शेतकऱ्यांना न विचारता. शेतकऱ्यांनी नकार दिला. विद्यार्थी मदतीला आले. ओगावा आणि त्याचे सहकारी १९६८ साली तिथे गेले आणि राहिलेच. 'सानरिझुकातला उन्हाळा'पासून १९७७पर्यंत एकामागून एक सात चित्रपट झाले. पहिल्यात कॅमेरा शेतकऱ्यांच्या बाजूने पोलिसांकडे बघतो आणि ती बाजू कधीच सोडत नाही; छायाचित्रकाराला अटकही झाली. 'दुसऱ्या किल्ल्यातले शेतकरी' (१९७१) मध्ये बायका स्वतःला साखळदंडांनी बांधून घेतात, माणसं जमिनीखाली भुयारं खणून राहतात. 'हेता गाव' (१९७३) येईतो मारामारी जवळजवळ पडद्याबाहेर गेलेली असते. तीन पोलीस मेले आहेत, गावातली पोरं पकडून नेली आहेत, आणि कॅमेरा म्हाताऱ्यांसमोर बसून त्यांचं हळू, अडखळत बोलणं ऐकतो. एटीजीचा सगळा भडक माल आज कुठे ना कुठे जुना झालेला दिसतो. 'हेता गाव' झालेला नाही.

ज्याच्या गावात जमीन जाते त्याला याचं कारण समजवावं लागत नाही. नागपुरात मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव इथल्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि मोबदल्याची न् पुनर्वसनाची भांडणं वर्षानुवर्षं चालली. तिथेही विमानतळच. आमच्या कन्हानच्या आसपास विमानतळ नाही, कोळसा आहे. ज्वारी-कापसाच्या वावरात आता खाणीतल्या मातीचे डोंगर उभे आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर बाभळी उगवतात. मी मुद्दाम ओगावाचा 'किल्ला' माझ्या घरी चार-पाच जणांना दाखवला. फाइल मुंबईच्या मित्राकडून आलेली, सबटायटल्स इंग्रजी. बसलेल्यांपैकी दोघांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी उभा राहून नागपुरीत सांगत गेलो. मूकपटांच्या काळात जपानी थिएटरांत पडद्याशेजारी असा निवेदक असायचा, त्याला बेन्शी म्हणत. कन्हानच्या बेन्शीचा घसा तासाभरात बसला.

दाखवण्याआधी मला एका गोष्टीची धास्ती होती. बार्बरा हॅमरने ओगावाच्या मंडळींवर 'डिव्होशन' (२०००) नावाचा माहितीपट केला आहे. त्यात या आदर्श सामूहिक जीवनाची दुसरी बाजू येते: ओगावाचा शब्द शेवटचा, पगार जवळपास नाही, कर्ज डोंगराएवढं, आणि स्वयंपाकघर बायकांकडे. क्रांतीच्या चुलीवर भात शिजवणाऱ्या बायकांची नावं श्रेयनामावलीत मुश्किलीने सापडतात. 'युक्त'च्या आठ पुरुषांबद्दल जे म्हटलं तेच इथे जास्त तीव्रतेने म्हणावं लागेल. हे माहीत झाल्यावर ओगावाचा सिनेमा आधीसारखा पाहता येत नाही, आणि येऊही नये. पण पडद्यावर जे शेतकरी बोलतात ते ओगावाचे नोकर नव्हते. त्यांचं बोलणं त्याने कापलं नाही, ही त्याची थोरवी शिल्लक राहते. पुढे तो माणसांसकट यामागाताच्या एका गावात जाऊन राहिला आणि तेरा-चौदा वर्षं भात पिकवत सिनेमा करत राहिला. त्या यामागातात १९८९ साली माहितीपटांचा महोत्सव सुरू करण्यात त्याचा वाटा मोठा, आणि आपल्या आनंद पटवर्धनांचे माहितीपट तिथे दाखवले आणि गौरवले गेले. तोही एक धागा, पण तो इथे ओढत नाही.

आमच्या खोलीत चित्रपट चालू असताना माणसं गप्प बसली नाहीत, आणि तेरायामाला हवा होता तो प्रेक्षक मला तिथे दिसला. पोलिसांच्या ढाली दिसल्या तसे एक जण 'अरे बापा, हे तं आपलेच' म्हणाले. साखळदंडांतल्या बायकांवर खोलीतल्या बायका बोलल्या, पुरुष नाहीत. सगळ्यांत जास्त लक्ष लागलं ते भुयाराच्या प्रसंगात. एक शेतकरी कॅमेऱ्याला आत घेऊन जातो आणि जमिनीखाली हवा कशी खेळती ठेवली आहे ते दाखवतो. नाट्य काहीच नाही, नुसतं समजावून सांगणं. माझ्या शेजारचे काका, ज्यांची पाच एकर खाणीत गेली आणि जे पुढे त्याच खाणीत कामाला होते, पुढे सरकून बसले. 'थांबव भाऊ, मागं घे जरा,' म्हणाले. तो तुकडा आम्ही तीनदा पाहिला. त्यांना छप्पर कशावर तोललंय ते पाहायचं होतं, आणि त्यांच्या मते एका जागी टेकू कमी पडत होता. पॉजच्या बटणाबद्दल मी वर जे लिहिलं त्याला एवढी पुरवणी जोडायला हवी.

संपल्यावर त्यांनी विचारलं, 'मग झालं का ते विमानतळ?'

झालं, मी सांगितलं. १९७८ साली सुरू झालं. दुसरी धावपट्टी मात्र २००२ साली उघडली, आणि अडीच हजार मीटरची ठरवली होती ती जमीन न मिळाल्याने दोन हजार एकशे ऐंशी मीटरवरच उघडावी लागली. ती पुरी अडीच हजाराची व्हायला आणखी सात वर्षं गेली.

काकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. 'म्हणजे तीनशे वीस मीटर,' ते म्हणाले, आणि चपला शोधायला वाकले.